शाळेला बाक हवेत: मागायचे कुणी, कधी आणि कसे

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट १३२. पाचवी ते सातवीची साठेक लेकरं फरशीवर बसून गुडघ्यावर वही धरून लिहितात. मागच्या खोलीत जुन्या बाकांचे सांगाडे पडून आहेत. मुख्याध्यापक म्हणतात निधी नाही, गाव म्हणतं सरकारी शाळा आहे तर सरकारनं द्यावं. लोकवर्गणी काढावी असं तुमच्या मनात आहे, पण उद्या कुणी पैशावरून बोट दाखवलं तर काय, ही धास्ती आहे.

धास्ती योग्य आहे. मी शिक्षक, मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख म्हणून परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यातच नोकरी केली. शैक्षणिक उठावातून, म्हणजे लोकांनी शाळेसाठी दिलेल्या पैशा-वस्तूंतून, उभ्या राहिलेल्या शाळा पाहिल्या, आणि उठावावरून गावात दोन तट पडलेलेही पाहिले. फरक बहुतेक वेळा एवढाच होता की पैसे मागायला कोण गेलं. शिक्षक पावती पुस्तक काखेत मारून दारोदार फिरला की गावाच्या नजरेत तो वसुलीचा माणूस होतो. गावानं स्वतः मागितलं की तीच वर्गणी गावाच्या कामाची होते. म्हणून तुम्ही दोनच गोष्टी स्वतःकडे ठेवा: गरज दाखवणारा कागद आणि हिशेबाची वही. मागणं आणि पैसे घेणं गावाकडे जाऊ द्या.

आधी गरज मोजा, आणि अंदाजानं नको. जुने सांगाडे बाहेर उन्हात काढा आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याला दाखवा. लोखंड शाबूत असेल आणि फक्त फळ्या सडल्या असतील तर नव्या बाकाच्या निम्म्याहून कमी खर्चात जुना बाक उभा राहतो. खरोखर निकामी झालेले सांगाडे परस्पर भंगारात घालू नका. ते जडवस्तू नोंदवहीवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत असतात, निर्लेखनाची (नोंदीतून कमी करण्याची) मंजुरी घेतल्याशिवाय हलवले की पुढे लेखापरीक्षणात आक्षेप येतो. दुसरी गोष्ट, पहिली-दुसरीला बाक मागू नका. ती लेकरं गटात बसतात, उठतात, फरशीवर आखलेल्या तक्त्यांवर खेळत शिकतात. त्यांना जाड सतरंज्या आणि मांडीपुढे येणारे बुटके डेस्क पुरतात. सगळ्या वर्गांना बाक हवेत म्हणून आकडा फुगवला की देणारा बिचकतो, आणि बाक आल्यावर लहानांच्या वर्गात हलायला जागा उरत नाही. तुमची खरी गरज साठ मुलांसाठी दोघांचे तीस बाक. जुन्यातले आठ-दहा दुरुस्त झाले तर नवे वीसच.

मग सरकारी पैशाचा कागद तयार करा. तुम्ही गावात गेलात की पहिला प्रश्न तोच येणार: सरकार काय देतं? १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला ५० हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान बसतं. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा असतो. उरलेल्यात वीजबिल, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती, साहित्य. त्यातून तीस बाक निघत नाहीत, हे आकड्यांनी दाखवा. मागच्या दोन वर्षांचं अनुदान किती आलं आणि कशावर गेलं ते एका पानावर लिहून शाळेच्या फलकावर लावा. हे पान लावलेलं असलं की वर्गणीची निम्मी कुरकुर तिथेच मिटते.

ग्रामपंचायतीकडेही लेखी मागा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला ठेवला होता, उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. त्या अबंधित भागावर रस्ता, नाली, दिवे सगळ्यांचाच डोळा असतो, पण शाळेची मागणी गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेलीच नसेल तर ग्रामसेवकाला इच्छा असूनही काही करता येत नाही. आराखड्याच्या ग्रामसभेला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन जा. तो ठराव देण्याचा अधिकार समितीला शिक्षण हक्क कायद्यानंच दिलाय. कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा असतो. आपल्याकडे अध्यक्ष पालक असतो, मुख्याध्यापक सचिव. म्हणजे वर्गणीचं काम समितीच्या नावानं चालवणं ही पळवाट नाही, रीतच आहे.

आता मराठवाड्यातली खरी मेख: गावात पैसा कधी असतो. जूनमध्ये बी-खताला पैसे नसतात, कर्ज काढून पेरणी होते. पोळ्यापर्यंत कुणाच्या हातात काही नसतं. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात जातं, कापूस दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत टप्प्याटप्प्यानं विकला जातो. वसमतच्या बाजूला हळदीचा पैसा उन्हाळ्यात येतो. उन्हाळी सुट्टीत मोकळा वेळ मिळतो आणि शाळा उघडण्याआधी बाक यावेत असं वाटतं, म्हणून बहुतेक शिक्षक जूनमध्येच वर्गणीला हात घालतात. त्याहून वाईट महिना नाही.

ऊसतोडीला जाणारी घरं तुमच्या गावात असतील तर त्यांच्याकडे जाण्याआधी थांबा. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा हातात नोटा दिसतात, पण ती कमाई नाही, पुढच्या सहा महिन्यांच्या अंगमेहनतीवर काढलेलं कर्ज आहे. त्यातून शाळेसाठी मागणं मला तरी कधी पटलं नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास ती माणसं परत येतात. तेव्हा द्यायचं असेल तर ती आपणहून देतात, आणि अनेकदा बागायतदारापेक्षा मोठ्या मनानं देतात, कारण आपल्या लेकरांच्या हाती कोयता येऊ नये हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. गावाची पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या आत आली असेल तर त्या वर्षी गावात रोख वर्गणी काढूच नका. श्रमदान घ्या, पैशासाठी बाहेर बघा.

वेळापत्रक मी असं बसवीन. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला गाव शाळेत येतं. त्या दिवशी एक पैसाही मागू नका. सातवीचा वर्ग जसा आहे तसा दाखवा, सतरंजीवर बसलेल्या पोराला दहा ओळी लिहायला सांगा, आणि समितीच्या अध्यक्षांनी गरज वाचून दाखवावी. गावातली जुनी माणसं असतील तर त्यांना बोलतं करा. निजामी राजवटीत सरकारी शाळांत उर्दूचा अंमल होता, तेव्हा १९२१ ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय लोकांच्याच आधारावर उभं राहिलं होतं. "सरकारनं द्यावं" म्हणणाऱ्याला शिक्षकापेक्षा एखाद्या म्हाताऱ्यानं हे ऐकवलं तर ते जास्त लागतं. वर्गणी दिवाळी ते संक्रांत. बाक २६ जानेवारीला वर्गात.

मागायला कुणी जायचं? गावात अखंड हरिनाम सप्ताहाची पट्टी ज्यांच्या हातून गोळा होते, त्या चार-पाच जणांकडे जा. कोणतं घर किती देईल, कुणाला संध्याकाळी गाठायचं, कुणाच्या घरात नुकतं आजारपण झालंय, कुणाकडे तोंडही उघडायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं. शिवाय काल्याच्या दिवशी भोंग्यावर नावं आणि रकमा वाचून दाखवायची सवय त्यांना आहे, म्हणजे हिशेब चारचौघांत मांडणं त्यांना नवं नाही. त्यांच्यासोबत समितीतल्या दोन महिला सदस्य हव्यातच. बचत गटांत शब्द त्यांचा चालतो, आणि घरात शाळेसाठी पैसे काढायचं बऱ्याचदा तीच बाई ठरवते जिची लेक फरशीवर बसते. गावात दोन गट असतील, आणि असतातच, तर पहिल्या बैठकीला दोन्हीकडची माणसं असल्याशिवाय ठराव लिहू नका.

आणि रक्कम मागू नका, बाक मागा. "शाळेला सव्वा लाख लागतात" म्हटलं की माणूस मान हलवतो आणि शंभर रुपये काढतो. "तुमच्या भावकीनं मिळून एक बाक द्या" म्हटलं की तो मोजायला लागतो. समजा दरपत्रकाप्रमाणे एक बाक चार हजारांना पडतोय, तर चार चुलतभावांना हजार-हजार जड नाही. एक बाक बचत गटाचा, एक सातवीच्या एखाद्या जुन्या तुकडीचा, एक आडत दुकानदाराचा. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडेही देण्यासारखं असतं: टेम्पोवाला वाहतूक देईल, रंगारी रंग मारून देईल, तरुण मंडळ उतरवून घेईल. या सगळ्यांची नावं पैसे देणाऱ्यांच्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत घ्या. तेरवी किंवा वर्षश्राद्धाच्या जेवणाचा खर्च कमी करून आई-वडिलांच्या स्मरणार्थ बाक देण्याची पद्धत बऱ्याच गावांत रुजलीय. ते मात्र दुःखाच्या घरी जाऊन सुचवू नका. सप्ताहात कीर्तनकार महाराजांना एक वाक्य बोलायला सांगा, ते पुरतं.

पालकांकडून मुलांमार्फत काहीही मागवू नका. चिठ्ठी नको, वर्गवार यादी नको, "कुणाच्या बाबांनी दिले" असं वर्गात विचारणं तर अजिबात नको. प्रवेशाला येणाऱ्याकडून देणगी घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे गुन्हा आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. दाखला द्यायचाय आणि समोर पावती पुस्तक ठेवलंय, असं दृश्य तुमच्या टेबलावर कधी दिसता कामा नये.

गावाबाहेरच्या पैशाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पुण्याकडे चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कारखान्यांत तुमच्या गावची पोरं असणारच. त्यातली कित्येक कंत्राटी कामावर आहेत, खोलीभाडं भरून महिनाअखेरीला त्यांच्या हाती फार उरत नाही. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज आठवण टाकून त्यांना शरमिंदं करू नका. दिवाळीत ती गावी येतात, तेव्हा वर्ग दाखवा. क्यूआर कोड टाकायचा तो समितीच्या बँक खात्याचाच. मुख्याध्यापकांचा, तुमचा किंवा "तात्पुरता" म्हणून कुणा उत्साही तरुणाचा नंबर टाकला की पुढे कितीही प्रामाणिक हिशेब दिला तरी संशय राहतोच.

कंपन्यांचा सीएसआर निधी ऐकायला मोठा वाटतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी काही एक गाठतं, त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे असतात. वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत अशा कंपन्या आहेत. पण एका शाळेच्या वीस बाकांसाठी त्यांची यंत्रणा सहसा हलत नाही. तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडच्या, आठ-दहा शाळांची एकत्र मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रानिशी गेली तर वाचली तरी जाते. बऱ्याचदा काम नोंदणीकृत संस्थेमार्फत होतं, आणि त्या संस्थेकडे कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते. जानेवारी ते मार्च हा काळ बरा, कारण खर्च न झालेली रक्कम तेव्हा त्यांना डाचत असते. त्या आशेवर गावातली वर्गणी मात्र थांबवू नका. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही (शाळा आणि दाते जोडणारं संकेतस्थळ) मागणी टाका. तिथे रोख रक्कम चालत नाही, वस्तू आणि सेवाच. शाळेच्या यूडायस क्रमांकानं, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकानं, नोंदणी होते. अर्ध्या तासाचं काम आहे, दाता नाही मिळाला तरी गरज सरकारी जागी नोंदवल्याचा पुरावा राहतो.

लातूर, नांदेडच्या शिकवणी वर्गांचे जुने बाक स्वस्तात किंवा फुकट मिळतात, हा मोह अनेकांना होतो. ते अकरावी-बारावीच्या पोरांच्या मापाचे असतात. पाचवीचं लेकरू त्यावर बसलं की पाय लोंबकळतात आणि खांदे कानाला लागतात. घ्यायचेच तर पाय कापून घेण्याचा खर्च धरून घ्या.

मोंढ्यातला व्यापारी हमखास विचारतो, "८०जी मिळेल का?" समितीच्या पावतीवर देणगीची ती आयकर वजावट मिळत नाही. ज्या संस्थेकडे ती मान्यता आहे तिच्यामार्फत दिलं तरच मिळते, त्यातही दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तर काहीच उपयोग नाही. खोटं आश्वासन देऊन बाक घेऊ नका. सरळ सांगितलं तरी देणारा देतोच, फक्त चहा पाजून थोडं ऐकवतो.

बाक बनवून घेण्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग दोन वर्षांत वर्ग पुन्हा फरशीवर येतो. तालुक्याच्या गावातला चांगला फॅब्रिकेशनवाला मला मोठ्या शहरातल्या दुकानापेक्षा बरा वाटतो, कारण तुटलं तर तो हाताशी असतो. चौकोनी पाइप १६ किंवा १८ गेजचा सांगा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो हे समितीतल्या सगळ्यांना माहीत असू द्या: १६ गेज साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२, आणि २० गेज १ मिलिमीटरच्याही आत. २० गेजचा बाक सातवीची पोरं एका सहामाहीत वाकवतात. बाहेरून रंग मारल्यावर गेज कळत नाही, म्हणून दरपत्रकात एका सांगाड्याचं वजन लिहून घ्या आणि माल आल्यावर मोंढ्यातल्या काट्यावर दोन-तीन सांगाडे टाकून बघा. एवढं एक वाक्य दरपत्रकात असलं की निम्मी लबाडी आधीच टळते. वर १८ मिलिमीटरचं पाणी सोसणारं प्लायवूड आणि सनमायका, कडांना पट्टी. पार्टिकल बोर्ड घेऊच नका. आपल्या पत्र्याच्या वर्गात पहिल्या पावसाळ्यात तो फुगून येतो. (छत गळत असेल तर आधी पत्रे, मग बाक.) पायांना रबरी बूट, नाहीतर शहाबादी फरशीवर बाक सरकला की शेजारच्या वर्गात शिकवणं बंद पडतं.

माप कागदावरून घेऊ नका. पाचवीतलं मधल्या उंचीचं एक लेकरू आणि सातवीतलं एक, दोघांना स्टुलावर बसवून मोजा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, आणि हात कोपरात वाकवला की कोपर डेस्कच्या पातळीला आलं पाहिजे. दोन मापांचे बाक करा, एकाच मापाचे तीस नकोत. आधी एक नमुना बनवून घ्या आणि तो आठवडाभर सातवीतल्या सगळ्यात द्वाड पोरांच्या हवाली करा. काय सैल होतं ते ती बरोबर दाखवतात. मग बाकीची ऑर्डर. आगाऊ रक्कम एक तृतीयांशपेक्षा जास्त देऊ नका, बिल जीएसटीसह पक्कं घ्या.

आता हिशेब, म्हणजे तुमचा भाग. अनुदानाच्या खात्यात लोकवर्गणी मिसळू नका. समितीच्या ठरावानं वेगळं खातं, सही अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांची. क्रमांक छापलेलं पावती पुस्तक, आणि रोख आलेले पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत. ठराव लांबलचक नको. एवढं पुरे: "पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी बाकांची आवश्यकता असून त्यासाठी स्वेच्छेने लोकवर्गणी स्वीकारणे, तीन दरपत्रके मागवून खरेदी करणे व हिशेब प्रजासत्ताक दिनी गावासमोर ठेवणे यास सर्वानुमते मंजुरी." त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. कुणी तक्रार केली तर चौकशीला आलेला माणूस आधी तीच पोच मागतो. वस्तू म्हणून आलेला बाकही किंमत धरून जडवस्तू नोंदवहीत चढवा आणि प्रत्येकावर क्रमांक रंगवा. तुमची बदली झाली तर पदभाराच्या यादीत तो क्रमांक बोलेल.

नावांचा प्रश्न येईल. मी बाकावर नाव लिहिण्याच्या विरोधात आहे. लेकरं त्यावरून चिडवतात, शिवाय "आमच्या बाकावर तू कसा" हे सुरू होतं. वर्गाबाहेर एकच फलक, सगळी नावं, रकमा न लिहिता. एखादा पुढारी सगळे तीस बाक एकटा देतो म्हणेल, फक्त त्याचा फोटो हवा. पाच घ्या, बाकीचे गावाचे राहू द्या. दुसऱ्या गटाची लेकरंही त्याच वर्गात बसतात. निवडणूक जाहीर झाली असेल तर अर्पणाचा कार्यक्रमच पुढे ढकला.

शेवटचं, पैसे संपेपर्यंत खर्च करू नका. दोन-तीन हजार खात्यात राखून ठेवा, आणि एक पाना व नट-बोल्टची डबी वर्गातल्या कपाटात. नव्या बाकांचे स्क्रू पहिल्या सहामाहीतच ढिले होतात, ते दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आवळून घ्यायचे असतात. सातवीच्या पोरांना ते काम शिकवा, आवडीनं करतात.